मीयूआय

मीयूआय : शाओमी या चिनी कंपनीने अँड्रॉइड प्रचालन प्रणालीत फेरफार करून मुख्यत्वे आपल्या भ्रमणध्वनींसाठी विकसित केलेली प्रणाली. २०१० मध्ये ती प्रथम उपलब्ध झाली. २०२३ पासून तिची जागा हायपरओएस या प्रणालीने घेतली.

यंत्रातील संस्कारक, स्मृती, पडदा इ. भागांचे नियंत्रण करणाऱ्या व इतर अनुप्रयोगांना आधारभूत असणाऱ्या आज्ञावलीस प्रचालन प्रणाली म्हणतात. गूगलची अँड्रॉइड प्रणाली लिनक्सच्या गाभ्यावर उभारलेली असून तिच्या मूळ संहितेचा मोठा भाग सर्वांस खुला आहे. त्यामुळे गाभा कायम ठेवून त्यावरील थर, म्हणजे पडद्यावरील मांडणी, चिन्हे, सूचना व अंगभूत अनुप्रयोग, उत्पादकास आपल्या इच्छेनुसार बदलता येतात.

लेई जून व त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०१० मध्ये बीजिंग येथे शाओमीची स्थापना केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मीयूआयची पहिली आवृत्ती निघाली. कंपनीचा स्वतःचा दूरध्वनी मात्र ऑगस्ट २०११ मध्ये जाहीर झाला. तोपर्यंत हौशी वापरकर्ते ही प्रणाली इतर कंपन्यांच्या दूरध्वनींवर स्वतः बसवून घेत. त्यांनी कळविलेले दोष व सूचना विचारात घेऊन दर आठवड्यास सुधारित आवृत्ती काढण्याचा प्रघात पडला. प्रणालीच्या जलद वाढीचे हे एक प्रमुख कारण होय.

शाओमीने जुलै २०१४ मध्ये भारतात प्रवेश केला. त्याच सुमारास वापरकर्त्याची माहिती त्याच्या संमतीविना कंपनीच्या संगणकांकडे पाठविली जाते, असे एफ-सिक्युअर या फिनलंडमधील संस्थेने दाखवून दिले. तेव्हा कंपनीने क्षमा मागून ऑगस्ट २०१४ मध्ये ती सेवा ऐच्छिक केली. २०२० मध्ये भारत सरकारने अनेक चिनी अनुप्रयोगांवर बंदी घातल्यावर ते वगळून भारतासाठी वेगळी आवृत्ती काढण्यात आली. प्रणालीतच दिसणाऱ्या जाहिरातींबद्दलही टीका झाली. त्यांपासून मिळणारे उत्पन्न हा दूरध्वनी अल्प नफ्यात विकण्याच्या धोरणाचा एक आधार होता.

परक्या दूरध्वनींवर बसविली जाऊन लोकप्रिय झालेल्या या प्रणालीच्या इतिहासात एक विसंगती आढळते. २०१६ पासून शाओमीच्या नव्या दूरध्वनींवर दुसरी प्रणाली बसविण्यापूर्वी कुलूप उघडण्यासाठी कंपनीची अनुमती आवश्यक झाली. त्यामुळे चोरी व फसवणूक यांपासून काहीसे संरक्षण मिळाले, तथापि विकत घेतलेल्या यंत्रावरील ग्राहकाचे स्वामित्व मर्यादित झाले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या हायपरओएसमध्ये दूरध्वनी, गृहोपयोगी उपकरणे व मोटारगाड्या यांना एकत्र जोडण्याची योजना आहे. नियंत्रण वापरकर्त्याकडे किती व उत्पादकाकडे किती, या प्रश्नाचे क्षेत्र त्यामुळे अधिक विस्तारले आहे.