मॅनेजरला नारळ देण्याआधी : रीडिंगचा धडा

सलग चार सामने हरले की इंग्लंडमधल्या कुठल्याही फुटबॉल क्लबच्या प्रेक्षकांत एकच मागणी सुरू होते: मॅनेजरला नारळ द्या. 1871 साली स्थापन झालेल्या रीडिंग क्लबने गेल्या वीस वर्षांत हे वेगवेगळ्या प्रकारे करून पाहिलं आहे. त्यामुळे या विषयावरचे समज तपासायला रीडिंगइतकं योग्य गाव शोधूनही सापडणार नाही.

समज : मॅनेजर बदलला की संघ वाचतो.

ब्रायन मॅकडरमॉट यांनी 2012 मध्ये संघाला प्रीमियर लीगमध्ये नेलं. जानेवारी 2013 मध्ये ते महिन्याचे सर्वोत्तम मॅनेजर ठरले आणि 11 मार्चला त्यांची हकालपट्टी झाली. तेव्हा 29 सामन्यांत 23 गुण होते. नवे मॅनेजर नायजेल अ‍ॅडकिन्स यायला पंधरवडा गेला. खेळाडू खरेदीची मुदत तर जानेवारीतच संपली होती. उरलेल्या नऊ सामन्यांत पदरात पडले पाच गुण, आणि संघ खालच्या श्रेणीत गेला.

मग नवा माणूस आला की निकाल सुधारल्यासारखे का वाटतात? हकालपट्टी होते ती सगळ्यात वाईट दिवसांत, आणि तिथून थोडं वर येणं ओघानेच होतं. डच अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी नेदरलँड्समधल्या 1986 ते 2004 या काळातल्या क्लबांचा अभ्यास केला. मॅनेजर बदललेले संघ सावरले खरे, पण तशाच गाळात रुतलेले आणि मॅनेजर न बदललेले संघही जवळपास तितकेच सावरले होते.

समज : धीर धरला की फळ मिळतंच.

हेही खरं नाही. केरळ ब्लास्टर्सला 2016 च्या आयएसएल अंतिम सामन्यापर्यंत नेणारे स्टीव्ह कॉपेल आपल्याकडे अनेकांना आठवत असतील. त्यांच्याच हाताखाली रीडिंगने 2005-06 मध्ये 106 गुणांचा विक्रम करत चॅम्पियनशिप ही दुसरी श्रेणी जिंकली. पुढच्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये आठवा क्रमांक आला. त्यानंतरच्या हंगामात मात्र लीगमधले सलग आठ सामने गमावले. क्लब त्यांच्या पाठीशी उभा राहिला, शेवटच्या दिवशी डर्बीवर 4-0 असा विजयही मिळाला, तरी 36 गुणांवर बरोबरीत असलेला फुलहॅम गोलफरकावर वाचला आणि रीडिंग खाली गेलं.

उलट, डिसेंबर 2009 मध्ये ब्रेंडन रॉजर्स यांना अवघ्या सहा महिन्यांत बाजूला केलं, तो निर्णय फळला. हंगाम अर्धाही झाला नव्हता आणि जागा घ्यायला क्लबमध्येच काम करणारे मॅकडरमॉट तयार होते. महिन्याभरात संघाने अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलला एफए कपमधून बाहेर काढलं आणि हंगाम नवव्या क्रमांकावर संपवला. रॉजर्स वाईट मॅनेजर होते असा याचा अर्थ मुळीच नाही. मे 2011 मध्ये वेम्बलीवर त्यांच्याच स्वान्सीने रीडिंगला 4-2 हरवून प्रीमियर लीग गाठली.

समज : संघ हरतो तो मॅनेजरमुळेच.

सगळ्यात जास्त नुकसान या समजाने केलं आहे. 2017 पासून क्लबची मालकी दाई योंगे यांच्याकडे होती. काही वर्षं एकट्या पगारांवरचा खर्च क्लबच्या एकूण उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त होता. आर्थिक नियम मोडल्याबद्दल नोव्हेंबर 2021 मध्ये सहा गुण कापले गेले. एप्रिल 2023 मध्ये पुन्हा सहा गेले, आणि आठवड्याभरात मॅनेजर पॉल इन्स यांना घरी पाठवलं. हंगामाअखेर रीडिंगचे 44 गुण झाले आणि संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. कपात नसती तर 50 झाले असते, आणि 49 गुणांवर कार्डिफ वाचलं होतं. खापर मात्र इन्स यांच्या डोक्यावर फुटलं.

पुढे मॅनेजर म्हणून रुबेन सेलेस आले. तिसऱ्या श्रेणीत संघ कितीतरी आठवडे तळाशी होता आणि त्या एका हंगामात आणखी सहा गुण कापले गेले. पण इथल्या प्रेक्षकांचं कौतुक करावं तेवढं थोडं. 13 जानेवारी 2024 ला पोर्ट व्हेलविरुद्धच्या सामन्यात सोळाव्या मिनिटाला टेनिसचे चेंडू मैदानात पडले, कारण तोवर कापलेले गुण सोळा होते. मग शेकडो लोक मैदानात उतरले आणि सामना अर्धवट सोडावा लागला. त्यांच्यातल्या कुणालाही सेलेस यांचा राजीनामा नको होता. मालकाने क्लब विकावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सेलेस टिकले, तरुण मुलांना घेऊन लढले आणि सतराव्या क्रमांकावर राहून संघ वाचला.

माझं मत स्पष्ट आहे. खेळाडू, पैसा आणि वेळ हाती असूनही मॅनेजरला काही साधत नसेल, तर डिसेंबरपर्यंत, आणि पुढचा माणूस नक्की करूनच त्याला निरोप द्यावा. दुखणं मालकाच्या दालनात असेल तर मॅनेजरच्या पाठीशी ठाम उभं राहावं. ते ओळखणंही अवघड नाही. इंग्लंडमधल्या कंपन्यांचे ताळेबंद ‘कंपनीज हाऊस’च्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. पुढच्या पराभवानंतर मॅनेजरच्या नावाने ओरडण्याआधी तुमच्या क्लबचा ताळेबंद उघडा आणि पगाराचा आकडा उत्पन्नाशेजारी ठेवून पाहा.