सेंद्रिय तांदूळ घ्यावा का? कुंभकोणमच्या बाजारात ठरवण्याची रीत

कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातलं, कावेरीच्या पाण्यावर भात पिकवणाऱ्या मुलखातलं गाव. व्यंकोजीराजांनी तंजावरात राज्य स्थापल्यानंतर या भागात मराठी कुटुंबं रुजली, आणि महाराष्ट्रातून देवदर्शनाला येणाऱ्यांचीही इथे ये-जा असते. इथल्या दुकानांत माप्पिळ्ळै सांबा, करुंगुरुवै, काट्टुयाणम अशा जुन्या तांदळांच्या पिशव्या दिसतात. नेहमीच्या तांदळापेक्षा त्या बऱ्याच महाग असतात आणि ‘सेंद्रिय आहे’ असं पुष्कळदा नुसतं तोंडी सांगितलं जातं. जास्तीचे पैसे द्यावेत का, हे कसं ठरवायचं ते क्रमानं पाहू. हीच रीत आपल्याला पुण्यात किंवा नागपुरातही उपयोगी पडेल.

पायरी 1 : तीन प्रश्न वेगळे करा

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. बियाणं कोणतं, शेती कशी केली आणि गिरणीत तांदळाचं काय झालं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जुनं वाण युरिया घालूनही पिकवता येतं. नवं वाण पूर्ण सेंद्रिय पद्धतीनं घेता येतं. आणि हातसडीचा, म्हणजे कोंडा न काढलेला तांदूळ या दोन्हींपैकी कुठलाही असू शकतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. आंबेमोहर जुना आणि इंद्रायणी वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला. पण दोन्ही नावांवरून शेतात कोणतं खत पडलं ते कळत नाही. तेव्हा दुकानात तिन्ही प्रश्न एकेक करून विचारा.

पायरी 2 : किमतीतला फरक कुठून येतो ते समजून घ्या

कुंभकोणमजवळच्या आडुदुरै इथे 1922पासून भात संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेली वाणं ‘एडीटी’ या अक्षरांनी ओळखली जातात. एडीटी 36 किंवा एडीटी 43 सुमारे 110 दिवसांत तयार होतं, म्हणून जूनमध्ये सुरू होणाऱ्या कुरुवै हंगामात ते नीट बसतं. ही वाणं बुटकी असल्यानं खत पेलतात आणि उतारा जास्त देतात.

माप्पिळ्ळै सांबासारखं जुनं वाण शेतात पाच महिने किंवा त्याहून जास्त काळ उभं राहतं. ते उंच वाढतं आणि युरिया जास्त झाला की लोळतं. उतारा कमी, दिवस जास्त, म्हणून भाव चढा. सेंद्रिय शेतीचे कष्ट आणि तपासणीचा खर्च त्यावर वेगळा.

ही वाणं आज बाजारात दिसतात त्यामागे मोठे कष्ट आहेत. तंजावर जिल्ह्यातच जन्मलेले जी. नम्माळ्वार यांनी आयुष्यभर सेंद्रिय शेतीचा प्रचार केला. त्यांच्या प्रेरणेनं शेजारच्या तिरुवारूर जिल्ह्यातले ‘नेल’ जयरामन यांनी 174 जुनी भातवाणं गोळा केली आणि बियाणं शेतकऱ्यांपर्यंत पोचवलं. नम्माळ्वार 2013मध्ये गेले, जयरामन 2018मध्ये.

पायरी 3 : ‘सेंद्रिय’ म्हणजे नेमकं काय ते जाणून घ्या

रासायनिक खतं, कृत्रिम कीटकनाशकं आणि जनुक बदललेलं बियाणं न वापरता केलेली, तपासलेली शेती म्हणजे सेंद्रिय शेती. कडुनिंबाच्या अर्कासारखी काही फवारणी तिच्यातही चालते. त्यामुळे ‘काहीच फवारलेलं नाही’ असा अर्थ काढू नका.

रसायनं बंद केली की लगेच शेत सेंद्रिय ठरत नाही. भातासारख्या हंगामी पिकांना साधारण 2 वर्षं आणि फळबागांना 3 वर्षं थांबावं लागतं. याला रूपांतर काळ म्हणतात.

कावेरीच्या भागात आणखी एक अडचण असते. पाणी बऱ्याचदा एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जातं. वरच्या शेतात पडलेलं खत आणि औषध त्याबरोबर खाली उतरू शकतं. म्हणून शेतकरी भेटला तर विचारा : बांध उंच आहे का? पाणी थेट पाटातून घेता का? शेजारच्या शेताच्या बाजूनं मोकळा पट्टा सोडलाय का?

पायरी 4 : पिशवी वाचा

‘नॅचरल’, ‘ट्रॅडिशनल’, ‘फार्म फ्रेश’ हे शब्द पुरावा होत नाहीत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांकही नाही. तो सगळ्याच पाकीटबंद खाद्यपदार्थांवर असतो आणि अनेकजण त्यालाच सेंद्रिय प्रमाणपत्र समजतात.

पाहायचं ते ‘जैविक भारत’ हे चिन्ह. त्यासोबत ‘इंडिया ऑरगॅनिक’ किंवा ‘पीजीएस इंडिया’ यांपैकी एक असतं. पहिल्यात बाहेरची संस्था तपासणी करते. दुसऱ्यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. ‘पीजीएस ग्रीन’ लिहिलं असेल तर ते शेत अजून रूपांतर काळात आहे.

भौगोलिक मानांकनाचाही असाच गैरसमज होतो. कुंभकोणमच्या विड्याच्या पानाला 2025मध्ये ते मिळालं. पान कुठलं, हे त्यातून कळतं. त्यावर काय फवारलं, हे कळत नाही.

छोटा शेतकरी स्वतः थेट विकतो तेव्हा त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. तिथे ओळख आणि वर विचारलेले प्रश्न हाच आधार.

पायरी 5 : शरीराला काय मिळतं ते तोलून पाहा

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2012च्या आढाव्यात सेंद्रिय अन्नात जीवनसत्त्वं ठामपणे जास्त आढळली नाहीत. कीटकनाशकांचे अवशेष मात्र कमी वेळा सापडले. न्यूकॅसल विद्यापीठाच्या 2014च्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत काही उपयुक्त वनस्पतिजन्य घटक जास्त आणि कॅडमियम हा घातक धातू कमी दिसला.

अवशेष सापडणं आणि ठरवलेली मर्यादा ओलांडणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात असू द्या. साध्या बाजारातला भात म्हणजे विष, अशी भीती बाळगू नका.

तंतुमय घटक हवे असतील तर कोंडा राखलेला तांदूळ घ्या. तो सेंद्रिय असो वा नसो. मात्र माती-पाण्यातलं आर्सेनिक सेंद्रिय भातातही उतरतं आणि कोंड्यात जास्त साठतं. भरपूर पाण्यात भात शिजवून पेज काढली की ते कमी होतं.

पायरी 6 : पैसे कुठे आधी घालायचे ते ठरवा

सगळं सेंद्रिय घेणं बहुतेक घरांना परवडत नाही. म्हणून जे कच्चं आणि सालासकट खाल्लं जातं, तिथून सुरुवात करा : पालेभाज्या, कोथिंबीर, द्राक्षं आणि विड्याची पानं. पानमळ्यात तोडणी पुन्हा पुन्हा होते, त्यामुळे फवारणी आणि तोडणी यांत अंतर कमी पडू शकतं. केळं, नारळ यांची साल निघून जाते. ते मागे ठेवलेले चालतील.

साधी भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवा. त्याआधी 1 लिटर पाण्यात 20 ग्रॅम मीठ घालून दहा मिनिटं बुडवली तर वरचे बरेच अवशेष निघतात. आंतरप्रवाही औषध, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, धुऊन जात नाही. सेंद्रिय भाजीही धुवाच. शेणखतातले जंतू तिच्यावर असू शकतात.

पायरी 7 : महिन्याचा हिशेब करा

समजा, किलोमागे 60 रुपये जास्त पडतात आणि घरात महिन्याला 15 किलो तांदूळ लागतो. म्हणजे 900 रुपये जास्त. हे पैसे भाजी, डाळ, दूध यांतून कापावे लागणार असतील तर साधा तांदूळच घ्या. परवडत असेल तर सुरुवातीला 2 किलो घ्या. कोंडा राखलेला तांदूळ कोंड्यातल्या तेलामुळे लवकर खवट होतो आणि त्याला किडाही लवकर लागतो, म्हणून वर्षाचा साठा करू नका.

जुनं वाण चवीसाठी आणि ते टिकावं म्हणून घ्या. सेंद्रिय म्हणून जास्त पैसे मात्र चिन्ह पाहून किंवा शेतकऱ्याला नीट विचारूनच द्या. दोन्ही जमत नसेल तरी ताटातली भाजी कमी करू नका, कारण स्वच्छ धुतलेली साधी भाजी खाणं हे भाजी न खाण्यापेक्षा केव्हाही चांगलं.