पंधरा वर्षांची आरएस की शोरूममधली जीटी?

दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते, तेव्हा सोनं लुटायच्या आधी पोरांचे मोबाइल वर होतात. राजाराम महाराजांच्या काळातली ही गाडी आजही दिमाखात चालते, कारण इतकी वर्षं कुणीतरी तिची निगा राखली आहे. कोल्हापूरला गाड्यांचा नाद आहेच. इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरला, ध्रुव मोहितेने फोक्सवॅगनच्या कप स्पर्धा गाजवल्या. या शहरात एखाद्या तरुणाने थोडे पैसे साठवले की प्रश्न ठरलेला: जुनी दमदार गाडी घ्यायची, की नवी?

स्पोर्ट्स कार म्हणजे दोन दारांची, जमिनीला टेकलेली परदेशी गाडी, हे चित्र आपल्या खिशाला परवडणारं नाही. स्कोडाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी ऑक्टाव्हिया आरएस आणली, तीही फक्त १०० गाड्या आणि किंमत ५० लाखांच्या घरात. त्यामुळे आपली निवड होते ती घरच्यासारख्या दिसणाऱ्या, पण बॉनेटखाली टर्बो पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांमधून. आणि यातल्या बहुतेक गाड्या महाराष्ट्रातच जुळवलेल्या आहेत. जुनी १.८ टर्बो ऑक्टाव्हिया आरएस छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याची, पोलो जीटी आणि आजची व्हर्टस जीटी चाकणची, तर अबार्थ पुंटो रांजणगावची.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लोक विचारतात जुनी की नवी. पण फसगत होते ती मधल्या वयाच्या गाडीत. सात ते बारा वर्षांची, वॉरंटी संपलेली, इलेक्ट्रॉनिक्सने खच्चून भरलेली गाडी निम्म्या किमतीत मिळते आणि मोहात पाडते. २०१३ मध्ये आलेली पोलो जीटी टीएसआय घ्या. १०५ पीएसचं १.२ लिटर इंजिन, सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स, चालवायला अप्रतिम. पण त्या गिअरबॉक्समध्ये दोन कोरडे क्लच आणि ते हलवणारं मेकॅट्रॉनिक युनिट असतं. ते गेलं की गाडी टोइंग करून न्यावी लागते आणि बिल लाखाच्या भाषेत बोलतं. इथे हातोडी-पान्याचं कौशल्य कामाला येत नाही.

याउलट जुनी आरएस. १.८ लिटर, २० व्हॉल्व्ह, १५० पीएस, पाच गिअरचा साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि बिडाचा इंजिन ब्लॉक. हा बीड शब्द कोल्हापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. उसाच्या चरकापासून ऑइल इंजिनापर्यंत सगळं ओतून घडवलेलं हे शहर आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत आजही देशभरच्या वाहन कंपन्यांसाठी कास्टिंग होतं, मेनन पिस्टन्ससारखी कंपनी इथेच उभी राहिली. सिलिंडर झिजला तर शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग करून मिळतं, हेडचं फेसिंग होतं, बुश लेथवर घडवून मिळतो. जुन्या गाडीचं लोखंड या गावात मरत नाही. म्हणूनच, पुण्या-मुंबईत मी ज्याला अशी गाडी घेऊ नको म्हणेन, त्याला कोल्हापुरात घे म्हणायला कचरत नाही. २०१५ ची अबार्थ पुंटोही याच जातकुळीतली: १.४ टी-जेट, १४५ पीएस, मॅन्युअल गिअर. वयाने मधली, पण स्वभावाने जुनी. मात्र फियाटने भारतातला गाशा गुंडाळला, त्यामुळे काच, दिवे, सेन्सर असले सुटे भाग कुठून येणार याची तजवीज आधी करावी.

आता कोल्हापूरची खास धोक्याची बाब. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, आणि कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यांतल्या काही धुऊन-पुसून, पॉलिश करून बाजारात येतात. अशी गाडी ओळखायची तर समोरच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. जो भाग कायम गुंडाळलेला असतो, तिथे गढूळ पाण्याची आडवी रेघ सापडते. ती कुणी धूत नाही. मग सीटच्या खालचे रेलचे बोल्ट बघा, गंजाचा पापुद्रा निघतो का. कार्पेटचा कोपरा उचलून खालच्या फोमला बोट लावा. फ्यूज बॉक्सच्या फटीत वाळूचे कण दिसले, तर किंमत कितीही उतरवली तरी पाठ फिरवा. वायरिंग एकदा कुजायला लागलं की थांबत नाही.

इंजिन मात्र थंड असतानाच बघायचं. बॉनेटवर हात ठेवून गरम लागलं तर मालकाने आधीच गाडी सुरू करून ठेवलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी या. पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन किंवा टर्बो ऑइल जाळतो आहे. टेस्ट ड्राइव्ह ताराबाई पार्कात नको, पन्हाळ्याला न्या. वीसेक किलोमीटरचा रस्ता, सपाट पट्टा आणि मग वळणावळणाचा चढ. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की टर्बोचा जोर एकसलग यायला हवा, तुटक तुटक नव्हे. क्लच सरकत असेल तर इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी तेवढी पळत नाही. उतरताना ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं का, हे कळतं. तापमानाचा काटा मध्यावर राहिला पाहिजे.

पेट्रोलचाही विचार हवा. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि ते इथेनॉल आपल्याच उसाच्या कारखान्यांतूनही जातं. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, ही टर्बो इंजिनाच्या फायद्याची गोष्ट. पण ते ओलावा धरतं, लिटरमागे ऊर्जा कमी देतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप व सील त्यासाठी बनलेले नसतात. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला टिकतील असे आहेत. जुनी घेतलीत तर इंधनाचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे बसवून घ्या, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

नव्या गाडीची बाजू एका ठिकाणी निर्विवाद भारी आहे, ती म्हणजे सुरक्षितता. १५० पीएसच्या व्हर्टसला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले. गगनबावड्याच्या मुसळधार पावसात करूळ घाट उतरताना गाडी घसरू न देणारी यंत्रणा सोबत असणं ही चैन नाही. घरात एकच गाडी असेल, आई-वडील आणि लेकरं तिच्यातूनच फिरणार असतील, तर मी बिनदिक्कत नवी घ्यायला सांगेन. जुनी आरएस ही घरातली दुसरी गाडी म्हणूनच शोभते.

कागदपत्रांत घाई नको. १५ वर्षांनंतर फिटनेस तपासून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. २०२२ पासून त्याचं शुल्क ५,००० रुपये झालं, २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०,००० झालं, वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. बेळगाव किंवा गोव्याची गाडी स्वस्त दिसते, पण तिची एनओसी, इथला कर आणि एमएच-०९ चं पासिंग धरून हिशेब मांडा. आरसीवर बँकेचा बोजा राहिला असेल तर तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि जुनी घेतलीच, तर पहिल्याच महिन्यात टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, कूलंटचे पाइप आणि ब्रेक ऑइल बदला. आधीच्या मालकाने बदललेत म्हणून सांगितलं तरी. हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचा. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. नक्षी शाबूत असली तरी आठ वर्षांपूर्वीच्या टायरवर घाट उतरू नका.