सोळा किलोची सायकल आणि राजूर घाट

मलकापूरहून मोताळ्यामार्गे बुलढाण्याला सायकलने यायचं, तर राजूर घाट अंगावर घ्यावाच लागतो. मलकापूर समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवर, बुलढाणा साडेसहाशेच्या आसपास. आपल्याकडची पोरं हा चढ ज्या सायकलवर चढतात ती साधी माउंटन बाइक असते. लोखंडी फ्रेम, पुढे स्प्रिंगचे शॉकअप, जाड गट्ट्यांचे टायर आणि वजन १६ किलोच्या आगेमागे. ती हलकी करायची हौस प्रत्येकाला असते, पैसे मात्र मोजकेच असतात.

आधी हिशेब करू. चालवणारा ६५ किलोचा आणि सायकल १६ किलोची, मिळून ८१. त्यातले २ किलो घटवले तर ओझं अडीच टक्क्यांनी उतरलं. तासाभराच्या चढात वाचलं साधारण दीड मिनिट. मलकापूर ते बुलढाणा ही उंची गाठताना शरीराची वाचलेली ऊर्जा जेमतेम ८ किलोकॅलरी, म्हणजे ज्वारीच्या भाकरीचा एखादा घास. त्यामुळे हलक्या सायकलसाठी कर्ज काढणं मला अजिबात पटत नाही. फुकटात किंवा थोडक्यात उतरणारं वजन मात्र जरूर उतरवावं. उचलायला, वळवायला सायकल हाताशी येते.

माउंटन बाइकचा जन्मच अशा उतरवण्यातून झाला. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या, जाडजूड सायकलींचे मडगार्ड आणि स्टँड काढून त्या डोंगरावरून पिटाळू लागले. आपणही तिथूनच सुरुवात करावी. लोखंडी कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, नुसत्या शोभेच्या पट्ट्या, जे वापरात नाही ते काढावं आणि प्रत्येक वस्तू किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघावी. एकट्या कॅरिअर-स्टँडचंच किलोभर सहज भरतं. दप्तर किंवा डबा कॅरिअरवर जात असेल, तर ते राहू द्यावं.

खरं घबाड पुढच्या चिमट्यात आहे. स्वस्त शॉकअपचं वजन अडीच किलोच्या घरात जातं, आणि वर्षा-दोन वर्षांत गंज धरला की ते दबतही नाही. साधा लोखंडी चिमटा सव्वा किलोच्या आसपास असतो. बदलताना तीन गोष्टी तपासाव्या: चिमट्याच्या वरच्या दांडीची जाडी तीच हवी, ब्रेक बसवायची जागा आपल्या ब्रेकला जुळायला हवी आणि लांबी शॉकअपएवढी हवी. चिमटा आखूड पडला तर सायकल पुढे झुकते आणि उतारावर हँडल भिरभिरतं. त्यानंतर लोखंडी सीटपोस्ट आणि हँडल ॲल्युमिनियमचे करावे. खर्च करण्याआधी भागाची किंमत वाचणाऱ्या ग्रॅमनी भागावी. ६०० रुपयांत २५० ग्रॅम उतरत असतील तर ग्रॅमला २ रुपये ४० पैसे पडले. हाच आकडा २० रुपयांवर गेला तर तो नाद सोडावा.

टायर-ट्यूबच्या बाबतीत परदेशी सल्ला आपल्या कामाचा नाही. तिकडे पातळ ट्यूब घालून शंभर-दीडशे ग्रॅम वाचवतात. इथे बांधावर बाभळीचे काटे आणि पांदीत सराटे. पातळ ट्यूब घातली की पंक्चरचा डबा सोबत बाळगणं आलंच. टायर थोडा अरुंद, कमी गट्ट्यांचा घ्यावा, पण जाडी सोडू नये. अरुंद टायरचा दुसरा फायदा पावसाळ्यात कळतो. काळ्या रानातून सायकल काढली की चिखल टायरला चिकटतो, मडगार्डखाली, ब्रेकजवळ थापला जातो, आणि चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी सायकल कितीतरी किलोंनी जड होते. टायरभोवती बोटभर मोकळी जागा असेल तर तो चिखल आपोआप पडत राहतो.

पुढचं सगळ्यात लहान चक्रही काही पोरं वजनापायी काढून टाकतात. २४ दात्यांचं चक्र जाऊन ३२ राहिलं की पायडलला त्याच चढावर तिसऱ्या हिश्श्याने जास्त जोर लागतो. थोड्याशा ग्रॅमसाठी गुडघे कशाला पणाला लावायचे?

उरलेले पैसे ओव्हरऑइलवर घालवावे. हबमधले छर्रे बदलले, ग्रीस भरलं, रिम सरळ केली आणि हवा नीट भरली, तर काट्यावर एक ग्रॅमही हलत नाही, पण बुलढाणा-चिखली रस्त्यावर फरक पायांना लगेच जाणवतो. फ्रेमला, क्रँकला ड्रिलने भोकं पाडायचा प्रकार कुणीही करू नये, धातू तिथूनच चिरतो. ब्रेकचे रबर आणि वायर मात्र जुने दिसताच नवे घालावे, आणि चिमटा बदललेली सायकल घाटाच्या उतारावर नेण्याआधी गावातल्या सपाट रस्त्यावर दोन-चार दिवस चालवून सगळे नट पुन्हा आवळावे.