हिवाळ्यात कढीपत्त्याला पाणी किती घालावे?

डिसेंबरच्या अखेरीस लंडनमधील दिवस ८ तासांहूनही लहान होतो. याच सुमारास खिडकीतल्या कुंडीतील कढीपत्ता पिवळा पडून पाने गाळू लागतो. तो तहानेने वाळला असे समजून घरची मंडळी अधिक पाणी घालतात, आणि बहुधा याच मायेने झाड दगावते.

उष्ण प्रदेशातील हे झाड गारव्यात व अल्प प्रकाशात वाढ थांबवते. पाने कमी झाल्याने मुळे पाणीही कमी ओढतात. माती सतत ओली राहिली की मुळांना प्राणवायू मिळत नाही व ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. म्हणून ओल्या मातीतले झाडही तहानलेले भासते.

यासाठी वार ठरवून पाणी घालू नये. हीटरमुळे वरची माती सुकली तरी आत ओल असू शकते. तेव्हा बोट दोन पेरे आत घालून पाहावे. तिथेही कोरडे लागले तरच तळातून निथळेपर्यंत कोमट पाणी घालावे आणि बशीत साचलेले ओतून टाकावे. खत वसंतापर्यंत थांबवावे. निष्पर्ण फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले, तर पालवीची आशा आहे.