पाणबुडीची ऊब कुठे जाते?

अणुपाणबुडीच्या भट्टीत निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने पाव हिस्साच कामी येतो. उरलेली समुद्रात सोडावीच लागते. टर्बाइनमधून निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये येते, तिथल्या नळ्यांतून खारे पाणी खेळत असते. वाफेचे पुन्हा पाणी होते आणि कोमट झालेले खारे पाणी बाहेर पडते. मग एवढी ऊब मागे सोडत जाणारी पाणबुडी उपग्रहाला दिसत कशी नाही?

हिशेब करून पाहू. समजा, १०० मेगावॅट उष्णता टाकायची आहे. दहा मीटर व्यासाची पाणबुडी सेकंदाला दहा मीटर वेगाने निघाली, तर ती दर सेकंदाला सुमारे ८०० घनमीटर पाणी कापते. ही सगळी उष्णता तेवढ्या पाण्यात मिसळली, तर तापमान वाढते अंशाच्या तीन शतांशांनी! शिवाय अवरक्त किरण पाण्याच्या मिलिमीटरभर थरातच शोषले जातात, म्हणजे उपग्रहाला कळते ते फक्त समुद्राच्या कातडीचे तापमान. खाली सोडलेले कोमट पाणी वर चढू पाहते, पण आजूबाजूच्या थंड पाण्यात मिसळता मिसळता त्याची ऊबही सरते आणि चढण्याची ओढही. वरच्या उबदार थराखालीच ते बहुधा अडकून राहते.

सोव्हिएत नौदलाने तरीही हा नाद सोडला नाही. त्यांच्या काही पाणबुड्यांच्या पाठीवर पाण्यातला माग हुंगणारी संवेदक उपकरणे बसवलेली असत. पण ती पाण्यात राहून, मागावर चालत वापरायची. आकाशातून शोध घेणे ही गोष्ट वेगळी.

खरा घात उष्णता करत नाही, ती बाहेर काढणारे पंप करतात. पाण्यात आवाज दूरवर जातो आणि पंपाची एकसुरी घरघर सोनारवाल्याला हवीच असते. म्हणून यंत्रे लवचीक आधारांवर बसवतात. पण पंपच कमी करता आले तर उत्तम. अमेरिकेची ‘नारव्हाल’ १९६९ मध्ये नौदलात आली ती याच विचाराने. तिच्या भट्टीतले तापलेले पाणी आपोआप वर चढे आणि थंडावून खाली येई, त्यामुळे मोठे पंप न लावता बरेच काम भागे. कंडेन्सरला लागणारे समुद्राचे पाणीही पाणबुडीच्या गतीमुळेच तोंडातून आत शिरे. अभियांत्रिकीतला हा डाव मला विलक्षण वाटतो: चालण्यानेच थंड व्हायचे! ‘नारव्हाल’च्या वर्गात दुसरी पाणबुडी झाली नाही, पण नैसर्गिक अभिसरणाची भट्टी पुढे १९८१ पासूनच्या ‘ओहायो’ वर्गात आली.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘कलवरी’ वर्गाच्या सहा पाणबुड्यांचे दुखणे निराळे. बॅटरीवर चालताना त्या फारच शांत असतात आणि उष्णताही थोडीच. मात्र बॅटरी भरायला डिझेल इंजिन चालवायचे म्हणजे हवेसाठी स्नॉर्केलची नळी पाण्याबाहेर काढणे आले. धूर तेवढा पाण्याने थंड करून सोडता येतो. इंजिनाचा आवाज आणि रडारला दिसणारी नळी यांचे काय?

अरबी समुद्रात आणखी एक पेच. वरचे पाणी तिशीच्या आसपास तापलेले असले, की अणुपाणबुडीच्या कंडेन्सरला तेवढाच गारवा मिळवायला जास्त पाणी लागते. जास्त पाणी म्हणजे पंप जोरात, आणि पंप जोरात म्हणजे आवाज. खोल थंड थरात उतरले की पंपाचा वेग पुन्हा कमी करता येतो.