एका पेशींतून उभें राहिलेलें झाड

कलम बांधणाऱ्या माळ्यास एक मर्यादा ठाऊक असते. कलम मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे पुढें नेतें. झाडांत नसलेला गुण तें आणूं शकत नाहीं. रोगास तोंड देण्याची शक्ति जातींतच नसेल, तर ती यावी कोठून? हवाई बेटांतील पपईवर हाच प्रसंग ओढवला.

तेथील बहुतेक पीक ‘पुना’ नांवाच्या एकाच भागांत होत असे. १९९२ सालीं तेथें वलयी ठिपक्यांच्या रोगाचा विषाणु शिरला. मावा किडीमार्फत तो झाडोझाडीं पसरतो. पानें आकसतात, फळांवर वर्तुळें उमटतात, झाड खुरटतें. बागाच्या बागा तोडाव्या लागल्या.

सुदैवानें डेनिस गोन्सालव्हिस आणि त्यांचे सहकारी आधींच कामास लागले होते. विषाणूच्या वेष्टनाचें प्रथिन घडविणारें जनुक टंगस्टन धातूच्या सूक्ष्म कणांवर चढवून त्यांनीं तें ‘जनुक-बंदुकी’नें पपईच्या पेशींत घुसविलें. अशी पेशी विषाणूचा तत्सम संदेश ओळखते आणि त्याचे तुकडे करून टाकते.

परंतु खरी कसोटी पुढेंच होती. असंख्य पेशींपैकीं फार थोड्यांतच जनुक स्थिरावतें, आणि तेवढ्या पेशींपासून सबंध झाड उठलें नाहीं, तर सारा खटाटोप व्यर्थ! म्हणून कोंवळ्या बियांतील गर्भ काचपात्रांत साखर, क्षार व वाढद्रव्यें यांवर पोसून त्यांपासून नवे गर्भ उपजविले होते. मारा केला तो त्यांच्यावर. नंतर पोषकांत पेशींस मारक असें औषध मिसळलें. जनुकासोबत त्या औषधास न जुमानणारें दुसरें जनुकहि जोडलेलें असल्यानें बदललेल्या पेशीच तगल्या. त्यांना अंकुर फुटले, मुळें धरलीं आणि रोपें मातींत गेलीं.

अशाच एका रोपापासून तांबड्या गराची ‘सनअप’ जात निघाली. तिचा पिवळ्या गराच्या ‘कापोहो’शीं संकर करून ‘रेनबो’ सिद्ध झाली आणि १९९८ सालीं तिचें बियाणें शेतकऱ्यांस विनामूल्य वांटण्यांत आलें. बागा पुन्हां उभ्या राहिल्या. मात्र ग्राहकांचा संशय सहजासहजीं फिटला नाहीं. जपाननें हीं फळें आपल्या बाजारांत येऊं दिलीं तीं २०११ सालीं.

हाच रोग महाराष्ट्रांतील पपईसहि पीडितो. तथापि हवाईचें बियाणें येथें पेरलें म्हणजे काम भागलें, असें होत नाहीं. रोपांतील जनुक आणि स्थानिक विषाणु यांत पुरेसें साम्य असेल तरच संरक्षण मिळतें. म्हणून ज्या भूमीचा रोग, त्याच भूमींत त्याचा अभ्यास व्हावा लागतो. आणि काचपात्रांतील पेशीपासून फळ देणाऱ्या झाडापर्यंतची वाट धीरानेंच चालावी लागते.